तीळ बाटलीत, जीव टांगणीला

"रिपोर्ट बंतेन्री?"

हुबळीतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचा फोन सकाळी नवाला सुरू व्हायचा तो याच प्रश्नाने: रिपोर्ट आला का? कधी कानडीत, कधी मराठीत, कधी अर्धा इकडचा अर्धा तिकडचा. फोन उचलणारी मुलगी "अजून नाही" म्हणाली की समोरचा माणूस त्या दोन शब्दांतून काय काय काढायचा, ते त्याचं त्यालाच माहीत.

माझी सगळी नोकरी त्या फोनच्या मागच्या दाराआड गेली. हिस्टोपॅथॉलॉजीचा टेक्निशियन. म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली बघता येईल असा करून देणारा. राहायला अमरगोळला, त्यामुळे दाराबाहेर ताटकळणारी माणसंही बऱ्याचदा माझ्याच गल्लीतली, एपीएमसीतली, नाहीतर चिगरी बसमध्ये शेजारी बसणारी. तीळ बाटलीतून आत आला की त्याचं काय होतं ते मी बघायचो, आणि तो यायच्या आधी त्याच्या मालकाचं काय होतं तेही कानावर यायचं. नावं सांगणार नाही. कुणाचा तीळ कुठे होता, हे छापून आलेलं कुणालाच आवडत नाही.

अमरगोळ बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं ते दोन गोष्टींमुळे. एक शंकरलिंगाचं चालुक्यांच्या काळातलं देऊळ आणि दुसरं एपीएमसीचं यार्ड. त्या यार्डात मिरचीची अडत असलेले एक सावकार. घरात मराठी, दुकानात कानडी, भांडण झालं तर दोन्ही. ब्याडगी मिरचीला तिखटपणापेक्षा रंगाचा भाव जास्त. तो रंग काढून खाद्यपदार्थांत घालतात, लिपस्टिकमध्येही जातो. ढिगात हात घालून मूठभर मिरच्या उचलायच्या, सुरकुती बघायची, उजेडाकडे धरायच्या आणि भाव बोलायचा, हे सावकारांनी आयुष्यभर केलेलं. नजर तयार.

तीच नजर एक दिवस स्वतःच्या पाठीकडे वळली. उजव्या खांद्याखालचा तीळ. बायको म्हणाली, "अहो, हा पूर्वी असा नव्हता." त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी डर्मोस्कोप टेकवून बघितलं आणि सांगितलं, "जरा अटिपिकल, म्हणजे नेहमीच्या तिळापेक्षा वेगळा वाटतोय. काढू आणि तपासायला पाठवू. घाई नाही." तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची.

"घाई नाही" हे वाक्य डॉक्टर धीर द्यायला म्हणतात. सावकारांनी त्याचा अर्थ घेतला: आता घाई करून काही उपयोग नाही.

मग रात्रीचे प्रयोग सुरू झाले. कपाटाचा आरसा एका बाजूला, बायकोचा पावडरीचा आरसा हातात, मान मोडेस्तोवर वळवायची. मोबाईलवर फोटो. पुण्याला शिकणाऱ्या मुलीने काळजीपोटी एबीसीडीईची यादी पाठवली. ही यादी न्यूयॉर्कच्या त्वचातज्ज्ञांनी 1985 मध्ये काढली. दोन बाजू सारख्या नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, रंग एकाहून जास्त असणं, व्यास 6 मिलिमीटरच्या वर असणं अशी चार लक्षणं. पाचवं, म्हणजे 'बदल', 2004 मध्ये जोडलं. सामान्य माणसाने वेळेवर डॉक्टरकडे जावं एवढ्यासाठी ती होती. डॉक्टरकडे जाऊन आलेल्या माणसाने रोज रात्री ती पाठीवर लावून बघावी, असं तिच्या कर्त्यांच्या डोक्यातही नसणार.

सोमवारच्या फोटोत तीळ तपकिरी, मंगळवारी काळा, बुधवारी कडेला तांबूस. सावकार फोटोंचा गठ्ठा घेऊन तारखेच्या आधीच दवाखान्यात हजर. डॉक्टरांनी फोटो शांतपणे बघितले.

"सावकार, मिरचीचा रंग तुम्ही ट्यूबलाईटखाली ठरवता काय?"

"छे छे. सकाळच्या उजेडात. रात्री बघितली तर फसगत."

"मग तिळाचा रंग रात्री का ठरवताय?"

आणि कडेचा तांबूसपणा? तो रोज बोट घासून घासून आलेला. हे मात्र फार जणांचं होतं. दाबून बघायचं, नखाने उचकटून बघायचं, ओल्या फडक्याने पुसून 'जातोय का' बघायचं. मग कातडी लाल होते, आणि ती लाली हाच नवा पुरावा. पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश तज्ज्ञांनी 1986 मध्ये या चक्राबद्दल लिहिलं होतं: तपासलं, विचारलं, की घडीभर बरं वाटतं; ते बरं वाटणंच परत तपासायला लावतं. सावकारांच्या बायकोला हे कुणी इंग्रजीत सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. "दिवसातून दहादा विचारतात, काही होणार नाही ना? मी म्हणते, नाही हो. पाच मिनिटं गप्प. परत तेच."

डॉक्टरांनी दोन नियम घालून दिले. फोटो काढायचा तो पंधरवड्यातून एकदा, दिवसा, त्याच खिडकीपाशी, शेजारी मोजपट्टी धरून, आणि तोही बायकोने. आणि सावकारांनी विचारलं की तिने "काही होणार नाही" म्हणायचं नाही. म्हणायचं, "ते तुम्हाला माहीत नाही, मलाही माहीत नाही. रिपोर्ट आल्यावर दोघं बघू." ऐकायला हे कठोर वाटतं. पहिल्या दिवशी सावकार जेवले नाहीत म्हणे. चार-सहा दिवसांत प्रश्न कमी झाले, कारण या उत्तरात चघळायला काही उरत नव्हतं.

झोप मात्र येईना, तेव्हा त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. आता आमच्या भागात कुणी "धारवाडला जाऊन ये" म्हटलं की ऐकणारा आधी बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो. धारवाडचं मनोरुग्णालय 1845 पासूनचं. आज ती डिमहान्स नावाची मोठी संस्था आहे, पण थट्टा जुनीच चालू. सावकारांनी यार्डात सांगितलं, पेढे आणायला चाललोय. चिगरीत बसले, एका खासगी डॉक्टरांना दाखवून आले, आणि खोटं पडू नये म्हणून लाईन बझारातून खरोखर पेढे आणले. पुढच्या खेपेलाही आणले. त्यानंतरही आणले. यार्डातले हमाल म्हणायला लागले, सावकारांच्या घरी काहीतरी चांगलं ठरतंय, सांगत नाहीत.

चिगरीच्या त्याच रस्त्यावर नवनगर लागतं. तिथे कॅन्सरचं इस्पितळ आहे. तो थांबा जवळ आला की सावकार मान उलट्या बाजूच्या खिडकीकडे फिरवायचे. मी त्यांच्या शेजारी बसलेलो असायचो. बोलायचो नाही, काय बोलणार? आकडा सांगून बघितला होता. अमेरिकेतल्या 2003 च्या एका हिशेबाप्रमाणे विशीतल्या पुरुषाच्या अंगावरचा कुठलाही एक तीळ 80 व्या वर्षापर्यंत मेलॅनोमात, म्हणजे तिळाच्या कॅन्सरात, बदलण्याची शक्यता साधारण 3,200 त एक. तेही गोऱ्या कातडीच्या देशात. आपल्याकडे मेलॅनोमा मुळातच दुर्मीळ, वर्षाला लाखात एकाहूनही कमी. सावकार म्हणाले, "म्हणजे एकाला होतोच की." आयुष्यभर भावाचा अंदाज घेऊन लाखांचा माल उचलणारा माणूस हा!

लंडनमध्ये 2016 मध्ये 45 जणांवर एक प्रयोग झाला होता. संगणकावर दगड उलटायचे, खाली साप निघाला तर हाताला विजेचा झटका. झटका नक्की बसणार हे ठाऊक असतानापेक्षा, बसेल की नाही अर्धं-अर्धं असताना ताण जास्त निघाला. अमरगोळच्या बसमध्ये तो प्रयोग मी रोज बघत होतो.

आता दाराच्या आत या.

तीळ काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. भुलीचं इंजेक्शन, तिळाभोवती दोनेक मिलिमीटर चांगली कातडी धरून होडीच्या आकाराचा छेद, टाके. तुकडा रुंद तोंडाच्या बाटलीत, दहा टक्के फॉर्मलिनमध्ये. इथून पुढे बऱ्याच ठिकाणी बाटली नातेवाईकाच्या हातात देतात: 'लॅबमध्ये नेऊन द्या.' या प्रवासाचे किस्से वेगळेच. एका बाईंनी झाकण उघडून वास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा 'खराब झालेलं पाणी' ओतून फिल्टरचं स्वच्छ पाणी भरून आणलं. एकाने उन्हाचं नासायला नको म्हणून रात्रभर फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवलं. सुनेला सकाळी कळलं. पुढचं मी विचारलं नाही.

आत आल्यावर पहिलं काम नंबर टाकणं. आमच्याकडे एका दिवशी तीन-तीन पाटील, दोन-दोन कुलकर्णी. नावावर विश्वास ठेवायचा नाही, नंबरावर ठेवायचा. मग तुकड्याच्या कडांना शाई लावायची. तिला इंडिया इंकच म्हणतात. स्लाईडवर तीळ शाईपर्यंत पोचलेला दिसला तर तो पूर्ण निघाला नाही असा अर्थ. मग काप करून यंत्रात रात्रभर: चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल, झायलीन, शेवटी वितळलेलं मेण. सकाळी मेणाचा ठोकळा तयार.

मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, केसाहून पंधरा-वीस पट पातळ. पात्याला जरा धार कमी असली की चर पडते. मेणाची ती फीत कोमट पाण्यावर सोडली की सायीसारखी पसरते. एखादी घडी राहिलीच तर ब्रशच्या टोकाने हलकेच ओढायची आणि खालून काच घालून उचलायची. श्वास सोडायचा नाही. सोडलात तर काप उडून बाकावर, आणि कुणाचा तरी तीळ वाया. मग रंग. हेमॅटॉक्सिलिन हा निळाजांभळा रंग मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून येतो. पेशींची केंद्रकं त्याने रंगतात. तिळातलं मेलॅनिन मात्र हा रंग घेत नाही, आपलं तपकिरीच राहतं. कधी ते इतकं दाट असतं की खालची पेशीच दिसत नाही; तेव्हा ते फिकट करून घ्यावं लागतं. झाला आणखी एक दिवस.

म्हणून सांगतो, उशीर म्हणजे वाईट बातमी हे गणित दाराबाहेरचं आहे. आत उशिराची कारणं अशी असतात: यंत्र बंद पडलं, करंट गेला, मेण नीट बसलं नाही. किंवा गणपती. मराठा गल्लीच्या मिरवणुकीच्या दिवशी हुबळीत कोण रिपोर्ट टाईप करणार? कधी डॉक्टर 'डीपर' मागतात, म्हणजे ठोकळ्यात आणखी खोल जाऊन काप काढा. कधी खात्रीसाठी मेलॅन-ए, एचएमबी-45 असल्या खास चाचण्यांना ठोकळा मोठ्या शहरात जातो. यातल्या शेवटच्या दोन कारणांतही बहुतेक वेळा शेवट साधाच निघतो. पण हे फोनवर कुणाला पटतं?

आमच्या रिसेप्शनच्या मुलीने हा धडा स्वतःच शोधला. आधी साधे रिपोर्ट ती "आलाय, न्या" म्हणून द्यायची आणि गंभीर असले की "डॉक्टरांशी बोला." महिन्याभरात पेशंट लोकांना फरक कळला. कुणाचा रिपोर्ट साधाच, फक्त सही राहिलीय, आणि ती सहज बोलून गेली, "डॉक्टरांशी बोला", तर पलीकडे फोन हातातून पडल्याचा आवाज. तेव्हापासून चांगला असो वाईट असो, सगळ्यांना एकच वाक्य, एकाच सुरात: "रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांकडे पाठवलाय." हा सूर जमायला तिला आठवडे लागले. रंगमंचावरच्या कुठल्याही नटीने तिच्याकडून शिकावं.

रिपोर्ट हातात पडल्यावरही लढाई संपत नाही. एक निवृत्त सर्व्हेअर मोजपट्टी घेऊनच आले. "माझा तीळ सात मिलिमीटर. यात पाच लिहिलाय. हा माझा नव्हे." त्यांचं मोजमाप बरोबर होतं. आमचंही. कातडी शरीरावर ताणलेली असते. कापली की आक्रसते, फॉर्मलिनमध्ये आणखी. मॅडमनी त्यांना आत बोलावून दुसऱ्याच एका तुकड्याची काढल्या-काढल्याची आणि दुसऱ्या दिवशीची मापं दाखवली. सर्व्हेअरसाहेबांनी दोन्ही आकडे डायरीत टिपून घेतले आणि मगच 'सौम्य अटिपिया, कडा मोकळ्या' या ओळीवर विश्वास ठेवला.

या मॅडम म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट. हुबळी-धारवाडच्या हजारो माणसांच्या तुकड्यांवर त्यांची सही. चहाच्या वेळी त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं: 2017 मध्ये अमेरिकेत 187 पॅथॉलॉजिस्टना त्वचेच्या स्लाईडी वाचायला दिल्या. अगदी साधा तीळ आणि पुढे गेलेला मेलॅनोमा यांवर बऱ्यापैकी एकमत. मधल्या पायऱ्यांवर, म्हणजे मध्यम अटिपिकल ते अगदी सुरुवातीचा मेलॅनोमा, चांगलाच गोंधळ. "म्हणून मधलं काही दिसलं की दुसऱ्याला दाखवायचं," असं त्या नव्या मुलांना बजावायच्या.

आणि मग त्यांच्याच पोटरीवरचा तीळ निघाला. मला म्हणाल्या, "फॉर्मवर नाव नको, नुसता नंबर. स्लाईड दुसऱ्या सरांकडे. मी बघणार नाही." ठरल्याप्रमाणे बघितली नाही. पण सकाळपासून माझ्या बाकाशेजारून जायला त्यांना काही ना काही निमित्त सापडत होतं. "पाणी गरम आहे ना?" "पातं बदललंत?" शेवटी, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, "तो नंबर कापला का?" लॅबमध्ये हा प्रश्न विचारायला त्यांनीच सगळ्यांना बंदी केली होती.

दुपारी सरांनी डीपर मागितले. मी काही बोललो नाही. मागणीचा कागद त्यांनी लांबूनच वाचला. सावकारांना डीपर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, म्हणून ते एकाच गोष्टीला भीत होते. मॅडमना त्या शब्दामागच्या दहा शक्यता पाठ. त्या उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि कुणी हात न लावलेल्या जुन्या स्लाईडींच्या कपाटाची यादी करायला बसल्या. संध्याकाळपर्यंत धुळीत. कॅलिफोर्नियातल्या केट स्वीनी यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्यांचा अभ्यास केला, त्यात काळजी हटवायच्या युक्त्या फारशा चालल्या नाहीत, असं दिसलं. उलट जे वाट बघताना तळमळले, त्यांनी नंतरची बातमी जास्त नीट पेलली. मला विचाराल तर कपाटाने मॅडमची काळजी कमी झाली नाही. हात गुंतले, दिवस सरला, आणि कपाट मात्र पहिल्यांदाच लावून झालं. तीळ साधा होता.

आता एक किस्सा असा, जो सांगताना हसू येत नाही. त्याच यार्डातला एक हमाल. टाचेजवळ काळा डाग, मग जाड झाला, मग भेगाळला. तो कुरूप समजून ब्लेडने तासत राहिला. घरात म्हातारी म्हणायची, तळपायाला तीळ म्हणजे पायाला भिंगरी, पोरगा परगाव बघणार. आपल्याकडचा मेलॅनोमा पाठीपेक्षा तळपाय, तळहात, नखाखाली जास्त सापडतो. बॉब मार्लेला 1977 मध्ये पायाच्या अंगठ्यालाच झाला होता, 1981 मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. या रोगात सगळं अवलंबून असतं तो किती मिलिमीटर खोल गेलाय त्यावर. 1970 मध्ये ब्रेस्लो या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने हे माप घालून दिलं. हमालाच्या रिपोर्टातलं ते माप मी टाईप होताना बघितलं. त्याचा फोन कधी आला नव्हता. 'रिपोर्ट बंतेन्री' असं त्याने एकदाही विचारलं नाही.

ज्यांचा फोन तासाला येतो त्यांचा तीळ बहुधा साधा निघतो. जो येतच नाही, त्याची आम्हाला आत धास्ती. रक्त येणारा, झपाट्याने वाढणारा, न भरणारा डाग, नखात नवी काळी रेघ, यांना तीन आठवड्यांची तारीख देतच नाहीत, लगेच बोलावतात. आणि चुना, सोडा लावून किंवा पार्लरमध्ये जाळून घेतलेल्या तिळाचा तर तुकडाच उरत नाही. मग आम्ही काय कापणार?

सावकारांचा रिपोर्ट आला. सौम्य अटिपिया, कडा मोकळ्या, वर्षातून एकदा अंगावरचे बाकीचे तीळ दाखवा. त्या दिवशी यार्डात पेढे वाटले. हमालांनी विचारलं, "ठरलं काय सावकार?" ते म्हणाले, "ठरलं."

शेवटचा फोन गालावर तीळ असलेल्या अमरगोळच्याच एका पोराचा. आखातात नोकरी लागलेली, रिपोर्ट चांगला. तरी आवाज घाबरलेला. पासपोर्टच्या अर्जात शरीरावरची खूण म्हणून त्याने नेमका तोच तीळ लिहिला होता.

"सर, तो तीळ तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे की. मेणाच्या ठोकळ्यात, नंबर घालून. काही वर्षं तरी जपून ठेवतो आम्ही."

"मग तसं एक पत्र देता काय? विमानतळावर कुणी विचारलं तर दाखवायला."

मॅडमनी दिलं. लेटरहेडवर, ठोकळ्याच्या नंबरासह, सही-शिक्का मारून.